समुद्राकाठची कोयनेल सोलापुरात लावायची म्हणजे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापुरातल्या सैफुल भागात नवीन बंगला, पुढून ४० फूट आणि साइडनं २५ फूट कंपाउंड, बोअरचं पाणी खारट (टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १६०० आला म्हणताय), नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि मालवणला गेलात तेव्हा खाडीच्या कडेला चकचकीत पानांचं पांढऱ्या फुलांचं झुडूप दिसलं म्हणून त्याच्या आठ काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्यात, सोबत पिशवीभर समुद्राची वाळू पण. आणि कुणीतरी सांगितलंय की समुद्राचं झाड आहे तर महिन्याला मूठभर मीठ घालत जा. हे सगळं करून ते सोलापूरच्या उन्हात जगेल का, असं विचारताय.

जगेल. पण मीठ घालू नका, एक चिमूट सुद्धा नको, का ते पुढं सांगतो.

आधी झाडाची ओळख. फोटोत समोरासमोर जोडीनं आलेली जाड गुळगुळीत पानं, पांढरं लांब नळीचं फूल, तीन-तीनच्या गुच्छात, आणि फुलातून बाहेर लोंबणारे चार जांभळट-गुलाबी पुंकेसर, मांजराच्या मिशांसारखे. ही कोयनेल. काही जण कडू कोयनेल म्हणतात, कोकणात वनजाई पण म्हणतात, फूल जाईसारखं दिसतं म्हणून. पान चुरगाळून वास घ्या, उग्र कडवट वास आला म्हणजे पक्कं. आणि गंमत अशी की तुम्ही हिच्यासाठी मालवणहून काड्या आणल्यात पण सोलापुरात जुन्या बंगल्यांच्या, शाळांच्या, सरकारी क्वार्टरच्या कंपाउंडला जी गुडघ्याएवढी कापलेली हिरवीगार कुंपणं दिसतात त्यातली बरीच कोयनेलचीच आहेत, फक्त दर महिन्याला कात्री लागते त्यामुळं तिला फूल येतंच नाही आणि लोकांना वाटतं मेंदीचाच कुठला प्रकार असेल. बागांमध्ये हत्ती, मोर, बदक असे आकार कापलेले असतात ना, त्यातही बऱ्याच ठिकाणी हीच असते. मी २२ वर्षं नर्सरी आणि गार्डनचं काम करतोय, तरी खाडीवर मोकळी वाढलेली, फुलांनी भरलेली कोयनेल पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्याच लक्षात आलं नव्हतं की ही आपली रोजची कुंपणवाली आहे.

नर्सरीत मागताना क्लेरोडेंड्रम इनर्मी म्हणा, जुनं शास्त्रीय नाव तेच आहे. आता ती व्होल्कामेरिया इनर्मिस झालीय, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये जे नाव दिलं होतं तेच फिरून २०१० ला डीएनएच्या अभ्यासानंतर परत आलं. नुसतं क्लेरोडेंड्रम म्हणालात तर मात्र तुमच्या हातात थॉम्सनी ठेवतील, पांढऱ्या पिशवीतून लाल फूल बाहेर येणारा तो वेल, तो चुलतभाऊ आहे पण त्याला सावली लागते, ओलावा लागतो, आपल्या उन्हात पुढच्या कंपाउंडला लावला तर एप्रिलमध्येच पापड होतो. पांढऱ्या कडेची कोयनेल पण मिळते, दिसायला छान आहे, पण हळू वाढते आणि पानाची पांढरी कड उन्हात करपते. तुम्ही साधी हिरवीच घ्या. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याचं, आणि आपल्या खऱ्या मेंदीचं शास्त्रीय नाव पण लॉसोनिया इनर्मिस, तर दोघी नावानं बहिणी झाल्या, बाकी नातं काही नाही.

आता मिठाचं. म्हणजे कसंय, समुद्राकाठचं झाड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पाणीच पाणी येतं, आपण सोलापूरकर, पाणी दिसलं की हुरळतो. पण त्या झाडाच्या बाजूनं विचार करा. तुम्ही कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवता तेव्हा काय होतं, तासाभरात फोडींचं पाणी सुटून भांड्यात येतं. खाडीकाठच्या मातीत तेच चालू असतं, मीठ पाणी धरून ठेवतं आणि मुळाला ते ओढून घ्यायला लई जोर लागतो. सगळीकडं पाणी असून झाड तहानलेलं. म्हणून तिथली झाडं जाड, मेणचट पानाची असतात, की मिळालेला थेंब उडून जाऊ नये. कोयनेल भरतीच्या रेषेच्या जरा वर, तिवरांच्या मागच्या बाजूला उगवते, अंगावर खारे तुषार, पायाखाली वाळू किंवा चिखल, वरून ऊन आणि वारा. ती मीठ मागत नाही, मीठ सहन करते. आणि जे अंग तिनं मिठासाठी कमावलंय तेच अंग आपल्याकडं मे महिन्यात ४२-४४ डिग्रीला आणि आठवडाभर पाणी नसताना कामाला येतं. खाडीवर पाणी असून पिता येत नाही आणि आपल्याकडं पाणीच नाही, झाडाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. सोलापूर समुद्रापासून जवळपास ३०० किलोमीटर आहे तरी ही इथं टिकते ती यामुळं.

मग मूठभर मीठ घातलं तर बिघडलं काय, सहन तर करतेच म्हणताय? बिघडतं ते झाडाचं नाही, आपल्या मातीचं. खाडीकाठी रेती असते, वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मीठ येतं तसं धुऊन जातं. आपल्याकडं पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर, तोही मिळाला तर, आणि माती काळी चिकणी. मिठातला सोडियम त्या मातीच्या कणांना चिकटला की माती फुटते, भुकटी होते, पाऊस पडला की लगदा आणि वाळली की दगड, पाणी वरच्या वर थांबतं. शेतकरी ज्याला चोपण जमीन म्हणतात ती हीच. एकदा जमीन चोपण झाली की जिप्सम घाला, खोल चर काढा, दोन-तीन पावसाळे वाट बघा असा खेळ असतो. तुमच्या बोअरच्या पाण्यातून मीठ रोज जातंयच, आणखी विकत कशाला घालायचं?

याच कारणानं वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी पण काळ्या मातीत नको, त्यात सोडियमच असतो. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कोयनेलला चालतं. आरओ नळाच्या पाण्यावर असेल तर खुशाल घाला, बोअरच्या पाण्यावर असेल तर ते फार जड झालेलं असतं, निम्मं नळाचं मिसळून घाला. माझ्या स्वतःच्या घरी आरओची पाइप थेट कोयनेलच्या चरात सोडलीय, सहा वर्षं झाली, झाडाला काही नाही, कधीकधी मातीवर पांढरा थर दिसतो तो पावसाळ्याआधी वरवर खरडून काढून टाकतो.

आणि समुद्राची वाळू, ती पण मुळाशी घालू नका. पिशवीभर वाळूनं ६५ फुटाच्या चरात काही फरक पडत नाही, उलट मीठ आणि शिंपल्याचा चुना जातो, आणि चुना आपल्या मातीत आधीच भरपूर, खणताना पांढरे खडे लागतात बघा. त्यामुळं तर आपल्याकडं जास्वंद, मोगरा वारंवार पिवळे पडतात. कोयनेलला त्या चुन्याचं विशेष वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा.

आता लावायची गोष्ट. इथं मी स्वतः कसा तोंडावर पडलो ते सांगतो म्हणजे तुम्ही पडणार नाही.

२०२० साली होटगी रोडच्या एका बंगल्याचं काम होतं, काळी माती, चांगली चार-पाच फूट खोल. मी सप्टेंबरमध्ये १२० रोपं लावली, सपाट जमिनीत, चर खणला, खत घातलं, लावलं, झालं. माझ्या डोक्यात हेच की अहो खाडीतलं झाड आहे, याला पाण्याची काय भीती. त्या ऑक्टोबरच्या मध्यावर जो पाऊस झाला तो सोलापूरकर विसरणार नाहीत, आमच्या चरात पाच दिवस पाणी तुंबून राहिलं. सातव्या दिवशी पानं पिवळी पडून खाली, रोप हातानं ओढलं तर मुळं काळी आणि कुजका वास. १२० मधली पन्नासेक गेली. आणि त्याच बंगल्याच्या मागच्या बाजूला आठ-दहा वर्षांची जुनी कोयनेल होती, ती तेवढ्याच पाण्यात उभी होती, तिला काही झालं नाही. मालक म्हणाले, समुद्रात जगतं म्हणालात आणि पावसात मेलं की ओ. माझ्याकडं उत्तर नव्हतं, नवीन रोपं माझ्या खर्चानं लावून दिली.

उत्तर नंतर कळलं. खाडीत पाणी येतं आणि जातं. सहा तासांनी ओहोटी लागतेच, मुळाला हवा मिळते. काळ्या मातीत पाणी येतं आणि बसून राहतं, पाहुण्यासारखं, आणि कोवळ्या रोपाची मुळं तेवढा वेळ श्वास रोखून धरू शकत नाहीत. म्हणून काळी माती असेल तर वरंबा केल्याशिवाय कोयनेल लावायची नाही. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ८-९ इंच उंच, वर दीड फूट रुंद, त्यावर रोप. आपल्याकडं जास्तीचा पाऊस सप्टेंबरात येतो हे लक्षात ठेवून जूनच्या शेवटी नाहीतर जुलैच्या सुरुवातीला लावून घ्या, म्हणजे मोठा पाऊस येईपर्यंत रोपानं जमीन धरलेली असते.

सैफुलच्या बाजूला काही प्लॉट काळ्या मातीचे आहेत आणि काहींना फूटभरातच मुरूम लागतो, तुमचा कुठला ते पहारीनं एक खड्डा मारून बघा. मुरूम लागला तर वरंब्याची गरज नाही, उलट तिथं चर जास्त खोल घ्या, सव्वा ते दीड फूट, टिकावानं तळ फोडून घ्या, आणि निघालेला मुरूम अर्धा बाहेर काढून त्या जागी तळ्याचा गाळ किंवा चांगली माती आणि शेणखत घाला. नवीन बंगला म्हणताय म्हणजे कंपाउंडच्या कडेला गवंड्यांनी राडारोडा पुरलेला असणारच, सिमेंटच्या गोण्या, विटांचे तुकडे, टाइल्स, प्लास्टरची ढेकळं, ते सगळं उपसून काढा. झाडं का मरतात म्हणून मला बोलावतात त्यातल्या निम्म्या ठिकाणी खाली सिमेंटचा थर निघतो, खत बदला औषध बदला करून लोक वर्षभर झगडत असतात आणि खाली हा प्रकार. भिंतीपासून दीड फूट सोडा, मुळं भिंतीला काही करत नाहीत, पण आत कात्री चालवायला माणसाला उभं राहता आलं पाहिजे ना.

अंतर एक फूट, एकच ओळ. लोक दाट व्हावं म्हणून सहा-सहा इंचावर लावतात, मग खालची पानं गळून नुसते दांडे दिसायला लागतात. गेट सोडून तुम्हाला ५०-५५ रोपं लागतील.

तुमच्या आठ काड्यांचं आता बोलू. मे महिना चालू आहे, वाईट वेळ आहे, पण आणल्याच आहेत तर टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचा भाग घ्या, फार कोवळा शेंडा नको आणि फार जून पांढरं लाकूड नको, ६ ते ८ इंचाचे तुकडे, प्रत्येकाला तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि ती पण कात्रीनं अर्धी कापा. पिशवीत अर्धी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग रेती, आणि इथं नदीची रेती घ्यायची, तुमची ती मालवणची नाही. दोन पेरं मातीत, दोन बाहेर. रूटिंग पावडर वगैरे काही लागत नाही, कोयनेल तशी चिवट आहे, कुंपणाची फांदी वाकून मातीला टेकली तरी तिथं मुळं सोडते. पावसाळ्यात दहातल्या सात-आठ लागतात. आत्ता मे मध्ये निम्म्या लागल्या तरी खूप. पिशव्या उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत, खाली ओलं पोतं, वर बिसलेरीची बाटली बूड कापून टोपीसारखी घाला, झाकण उघडं ठेवा. या पंधरा-वीस पिशव्यांना मात्र नळाचंच पाणी, बोअरचं नको. झाड मोठं झाल्यावर खारं सोसतं, मूळ फुटतानाचं पोर सोसत नाही. तीन-चार आठवड्यांनी नवीन पालवी दिसली तरी उपटून बघायचं नाही, पालवी काडीतल्या साठ्यावर पण फुटते, मुळं मागून येतात. अडीच-तीन महिन्यांनी पिशवीच्या खाली मुळं डोकावली की ती जमिनीत जायला तयार.

म्हणजे तुमची मालवणची रोपं ऑगस्ट अखेरीला तयार होतील, आणि कुंपण जुलैत लावायचंय. तर कुंपणासाठी रोपं इथल्याच नर्सरीतून घ्या, नगामागे दहा-पंधरा रुपयाला मिळतात, स्वस्त झाड आहे, आणि इथल्या उन्हात वाढलेलं असतं. मालवणच्या ज्या जगतील त्या आत अंगणात मोकळ्या लावा, त्यांचं पुढं सांगतो.

पाण्याचं. पहिला महिना पाऊस नसेल तर दोन-तीन दिवसाआड. मग आठवड्याला एकदा. वर्ष झालं की पावसाळ्यात शून्य, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, एवढ्यावर राहते. रोज रोज पाइप धरून पाच मिनिटं शिंपडायची जी आपली सवय आहे, संध्याकाळी गार वाटतं म्हणून, ती खाऱ्या पाण्याच्या बोअरला फार वाईट. वरचे दोन इंच भिजतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं, आणि झाडाची मुळं पण वरवरच राहतात, बरोबर त्याच मिठात. त्यापेक्षा आठ दिवसांनी एकदाच पण फूटभर खोल जाईल इतकं द्या, मीठ खाली ढकललं जातं. ड्रिप करणार असाल तर १६ एमएमची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीनं जाणारी बारीक पाइप, दर फुटाला तासाला ४ लिटर पाणी सोडणारा ड्रीपर, आणि दोन महिन्यांनी टोकं उघडून पाइप धुवायची, आपल्या पाण्यात क्षार इतके की ड्रीपर पांढरे होऊन बंद पडतात. डाळिंबवाल्या शेतकऱ्याला विचारा, तो ॲसिड सोडून धुवायची पद्धत दाखवेल, पण घरी तेवढं नको, ड्रीपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले तरी मोकळे होतात. आणि पहिल्या चांगल्या पावसात गच्चीचं पाणी एखाद्या पाइपनं चरात फिरवता आलं तर जरूर फिरवा, वर्षभराचं साठलेलं मीठ त्यानं धुऊन निघतं, मात्र पाण्याला चरातून बाहेर पडायला वाट ठेवायची, होटगी रोड आठवा.

पहिल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा तपकिरी होतील, घाबरू नका. कोकणातलं ऊन आणि आपलं ऊन यात आकड्यापेक्षा हवेचा फरक मोठा आहे, तिथं हवा दमट, इथं दुपारी वाऱ्याची नुसती झळ. पहिलं वर्ष मुळाशी पाचट किंवा वाळलेला पाला तीन-चार इंच अंथरा. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तिचं तिला कळतं.

खत फार नको. लावताना शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मुरमाच्या जागेत वाळवी असते तिला पेंडीनं जरा आळा बसतो, आणि पुढं वर्षाला एकदा जूनमध्ये शेणखत, झालं. युरिया मारला की भसाभस कोवळं फुटतं आणि मग मावा आणि पिठ्या ढेकूण, ते पांढरं कापसासारखं. आलाच तर आधी पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, लई ठिकाणी तेवढ्यानंच भागतं, नाहीतर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. आणि शेजारची जास्वंद पण बघा, तिथूनच येतो तो.

खरा शत्रू अमरवेल. पिवळ्या शेवया कुंपणावर टाकल्यासारखं दिसतं, सुरुवातीला लोकांना ते शोभिवंत पण वाटतं. कोयनेलवर ती फार बसते. एक वीतभर धागा दिसला की त्याच दिवशी, तो ज्या फांद्यांना गुंडाळलाय त्या फांद्यांसकट कापायचा, नुसता ओढून काढला तर तुकडे राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून परत. कापलेलं कुंपणापलीकडं रस्त्यावर टाकायचं नाही, वाळवून जाळायचं. माळी दुसऱ्या बंगल्यावरून आला असेल तर त्याची कात्री आणि घमेलं एकदा बघून घ्या, मी दोन ठिकाणी असंच आलेलं बघितलंय.

छाटणीचं काम सगळ्यात जास्त लोक चुकवतात. रोप फूटभर झालं की मन घट्ट करून शेंडा खुडायचा, नाहीतर ते वर पळतं आणि खाली पाय उघडे पडतात, मग पुढं कितीही कापा खालून भरत नाही. पहिल्या पावसाळ्यात दोन-तीनदा असं खुडा. आकार देताना खाली रुंद आणि वर थोडं निमुळतं, उलटं झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी कात्री, हिवाळ्यात एखाद-दोनदा, आणि मार्चनंतर जूनपर्यंत हात लावायचा नाही, एप्रिल-मे मध्ये छाटली की आतली सावलीतली पानं एकदम उन्हात येतात आणि भाजतात.

पण ताई, तुम्हाला तर मालवणची फुलं हवीत ना. फूल नवीन वाढलेल्या फांदीवर पानाच्या बेचक्यात येतं, आणि कुंपण चौकोनी ठेवायचं म्हणजे दर महिन्याला नेमकी तीच फांदी कापायची. दोन्ही एकाच झाडाकडून मिळत नाही. मी असं करतो की रस्त्याकडची बाजू आणि माथा सरळ कापतो आणि घराकडची बाजू मोकळी सोडतो, वर्षातून एकदा फक्त पावसाळा संपताना आवरतो. आणि तुमच्या मालवणच्या ज्या रोपांचं म्हणालो ती व्हरांड्याजवळ, पूर्ण ऊन मिळेल अशा ठिकाणी, चार-चार फूट अंतरावर लावा आणि कापूच नका. ती सहा-सात फुटांपर्यंत जातील, फांद्या लांब होऊन लवतील, जरा गबाळी दिसतील, पण फुलतील. अंधार पडायला लागला की त्या लांब नळीच्या फुलांवर मोठे पतंग येतात, एका जागी हवेत थांबून सोंड आत घालतात. लाइट बंद करून बसायचं. मोबाइलचा टॉर्च मारला की जातात.

शेळ्यांचं तुम्ही विचारलं नाही पण सैफुलला हा प्रश्न येणारच. पान इतकं कडू आहे की शेळ्या तोंड लावून सोडून देतात, गाई पण खात नाहीत, आपल्याकडं ही कुंपणाला चालते त्याचं निम्मं कारण हेच आहे. कडू म्हणजे औषधी, असं समजून काढा करून पिऊ नका मात्र, जुन्या लोकांनी तापावर वापरली असेल, त्यांना मात्रा माहीत होती. काटे नाहीत त्यामुळं कुत्रं किंवा चोर अडेल ही अपेक्षा ठेवू नका. तसं काही हवं असेल तर मागच्या बाजूला सागरगोटा लावा, तो पण समुद्राकाठचाच, त्याचे ते राखाडी गोटे समुद्रावर तरंगत किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरलेत, लहानपणी बायका-पोरी खेळायच्या तेच. त्याचे काटे वाकडे असतात, एकदा शर्ट धरला की धुणं सोडवल्यासारखं एकेक काटा सोडवावा लागतो. पुढच्या बाजूला मात्र नको, पाहुणे यायचे बंद होतील.

आणि देशी झाड म्हणून लावतेय असं लिहिलंय तुम्ही, तर एक खरं सांगतो. कोयनेल भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरची आहे, आपली आहे, ड्युरांटा या कुंपणाच्या शोभेच्या झुडपासारखी अमेरिकेतून आलेली नाही. पण सोलापूरच्या माळाची ती नाही. इथल्या मुरमाचं खरं झुडूप म्हणजे तरवड, सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला गेलात तर पिवळ्या फुलांनी भरलेला दिसतो, त्याला पहिलं वर्ष सोडलं तर पाणीच लागत नाही. तो कुंपणासारखा सरळ कापला तर छान दिसत नाही म्हणून मी लोकांना कोयनेल सांगतो, पण तुमच्या साइडच्या २५ फुटात दोन-चार तरवड मध्ये टाकलात तर मला आवडेल. त्याचं बी उकळत्या पाण्यात नाही, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सरळ जागेवर टोचायचं, पाऊस पडल्यावर.

ड्युरांटा कुणी सुचवला तर नको म्हणा, पिवळ्या पानाचा तो गोल्डन ड्युरांटा फोटोत झकास, पण एप्रिलमध्ये भाजतो आणि त्याची पिवळी फळं लहान मुलांनी खाल्ली तर विषारी आहेत. तुमच्याकडं नातवंडं येतात म्हणालात.

आता या आठवड्यात फक्त एवढं करा, त्या आठ काड्या ओल्या फडक्यातून आजच बाहेर काढा, चार दिवस झालेत म्हणजे टोकं काळी पडली असतील, तेवढी कापून टाका, तुकडे करून पिशव्या भरा. पहारीनं तो एक खड्डा मारून काळी माती की मुरूम ते बघा आणि खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं तेही बघून ठेवा. दोन-तीन तासात जिरलं तर सपाट चर चालेल, दुसऱ्या दिवशी पण पाणी तसंच दिसलं तर वरंबा. आणि ती मालवणची वाळू नातवंडांना खेळायला द्या, कंपाउंडपासून लांब.